पहिला बोर्ड कोणता घ्यावा: उनो, ईएसपी३२ की पिको? (कामं दोन: आकाशकंदील आणि कुळागरातली टाकी)

केरीचं_कुळागर:

नमस्कार मंडळी. छंद म्हणून मायक्रोकंट्रोलरचं (उपकरणं चालवणाऱ्या छोट्या चिपचं) प्रोग्रॅमिंग शिकायचं आहे. पायथॉन जुजबी येतं, म्हणजे लूप, फंक्शन, फाइल वाचणं इतपत. इलेक्ट्रॉनिक्स दहावीच्या पुस्तकापलीकडे नाही, सोल्डरिंग कधी केलेलं नाही. आठवीतली भाची सोबत बसणार आहे. तिला शाळेत कोडिंगचा तास असतो, पण तिथे सगळं पडद्यावर ठोकळे जोडून चालतं.

दोन कामं डोक्यात आहेत. एक, दिवाळीच्या आकाशकंदिलात रंग बदलणारी एलईडी पट्टी, साधारण ६० दिव्यांची. दुसरं, कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) चढावर सिमेंटची टाकी आहे, घरापासून अंदाजे दीडशे मीटर, मध्ये पोफळी आणि माड. टाकीत पाणी किती आहे ते घरी बसून मोबाइलवर दिसावं. टाकीपाशी पंपाची वीज आहे, पण पावसाळ्यात ती सारखी जाते-येते.

सगळं धरून २,००० रुपयांच्या आसपास खर्च करायची तयारी आहे. लॅपटॉप जुना, विंडोज १०, ४ जीबी रॅम. वाचून वाचून उनो, ईएसपी३२ आणि पिको डब्ल्यू या तीन नावांपर्यंत आले आहे, पुढे पाऊल पडत नाही. दोन्ही कामांना एकच बोर्ड चालेल का? उनोची स्वस्त नक्कल घेतली तर काही बिघडतं का?


तांब्याची_तार:

ताई, टाकीचा आकडा मोबाइलवर हवा म्हटल्यावर वायफाय आलंच. साध्या उनो आर३ वर ते नाही. वेगळं मॉड्यूल जोडून आणता येतं, पण नवशिक्याने त्या भानगडीत पडू नये. उरले ईएसपी३२ आणि पिको डब्ल्यू. तुमच्या दोन कामांसाठी ईएसपी३२ घ्या, आणि एक नाही, एकाच प्रकारचे दोन घ्या. काही चाललं नाही की दुसरा बोर्ड लावून बघायचा. त्यावरही तसंच झालं तर चूक वायरिंगमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये, नाही झालं तर पहिल्या बोर्डात. एकच बोर्ड असेल तर हे कळायला दोन दिवस जातात. शिवाय टाकीच्या कामाला पुढे दोन लागणारच आहेत, एक टाकीपाशी आणि एक घरात.

आकड्यांत फरक असा. उनो आर३ वरची चिप एटीमेगा३२८पी: ८ बिट, १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रॅमला ३२ किलोबाइट, रॅम फक्त २ किलोबाइट. मूळ ईएसपी३२: दोन गाभे, २४० मेगाहर्ट्झपर्यंत, रॅम ५२० किलोबाइट, बहुतेक बोर्डांवर ४ मेगाबाइट फ्लॅश (प्रोग्रॅम साठवायची जागा), वायफाय आणि ब्लूटूथ आतच. पिकोची आरपी२०४० दोन गाभ्यांची, १३३ मेगाहर्ट्झ, रॅम २६४ किलोबाइट, फ्लॅश २ मेगाबाइट. साधा पिको जानेवारी २०२१ मध्ये आला, वायफायवाला पिको डब्ल्यू २०२२ मध्ये. पण वेग बघून बोर्ड निवडू नका. कंदील आणि टाकी या दोन्ही कामांत चिप ९९ टक्के वेळ रिकामीच बसणार आहे. बघायचं ते तीन गोष्टींचं: पिनवर किती व्होल्ट, रेडिओ आहे का, आणि अडलं तर त्याच बोर्डावर काम केलेली माणसं किती सापडतात.

तुम्हाला पायथॉन येतं, तर ईएसपी३२ वर मायक्रोपायथॉन (अशा बोर्डांवर चालणारं छोटं पायथॉन) घाला. थॉनी नावाचं मोफत एडिटर ४ जीबी रॅमवर निवांत चालतं आणि त्यातूनच बोर्डावर मायक्रोपायथॉन बसवता येतं. एक गोष्ट पहिल्या दिवशीच लक्षात ठेवा: वीज आल्यावर प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा असेल तर फाइल बोर्डावरच, 'मेन डॉट पाय' याच नावाने साठवावी लागते. लॅपटॉपवर साठवली तर केबल काढताच सगळं थांबतं आणि बोर्ड बिघडला असं वाटतं.

घेताना '३० पिन, यूएसबीवाला डेव्हलपमेंट बोर्ड, पिना आधीच सोल्डर केलेल्या' असा बघून घ्या. ३८ पिनांचा रुंद असतो, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायच्या ठोकळ्यावर) बसवला की बाजूला वायर खोचायला जागाच उरत नाही. ३० पिनवाल्यालाही एखादीच रांग मोकळी मिळते. यावर उपाय म्हणजे दोन ब्रेडबोर्ड शेजारी जोडून बोर्ड मधल्या फटीवर बसवणं. नुसतं काळं मॉड्यूल स्वस्त दिसतं, ते घेऊ नका. त्यावर यूएसबी नसते आणि पिना १.२७ मिलिमीटर अंतरावर असतात.


आठ_बिट:

वरचं बरोबर आहे, तरी एक वेगळी बाजू मांडतो. शिकण्यासाठी उनोइतका क्षमाशील बोर्ड अजून दुसरा नाही. तो ५ व्होल्टवर चालतो, एका पिनमधून २० मिलीअँप आरामात देतो (४० ही कमाल मर्यादा, तिथपर्यंत जायचं नाही), आणि चुकून एलईडी उलटी लावली, रोध विसरला, तरी बहुतेक वेळा वाचतो. ईएसपी३२ च्या पिनला ३.३ व्होल्टच्या वर काही लावायचं नाही. बाजारातले निम्मे सेन्सर ५ व्होल्टचा संदेश देतात. तो थेट ईएसपी३२ ला दिला तर पिन कधी लगेच जाते, कधी महिन्याने, आणि महिन्याने गेली की कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

नकलेबद्दल. अर्डुइनोची रचना खुली आहे, त्यामुळे त्यांचं नाव आणि चिन्ह न वापरता बनवलेला बोर्ड पूर्ण कायदेशीर आहे. फरक मुख्यतः यूएसबीच्या चिपमध्ये: मूळ बोर्डावर वेगळा मायक्रोकंट्रोलर हे काम करतो, स्वस्त बोर्डावर सीएच३४० असते. विंडोजवर तिचा ड्रायव्हर एकदा बसवायचा, झालं. लिनक्सवाल्यांसाठी: उबुंटू २२.०४ वर ब्रेल उपकरणांची 'बीआरएलटीटीवाय' नावाची सेवा सीएच३४० चा पोर्ट बळकावते, बोर्ड क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. ती सेवा काढून टाकली की पोर्ट राहतो. नॅनोची (उनोच्या छोट्या भावाची) नक्कल घेतलीत आणि अपलोड करताना 'प्रोग्रॅमर उत्तर देत नाही' अशी तक्रार आली तर टूल्स मेनूत प्रोसेसरच्या खाली 'ओल्ड बूटलोडर' निवडा. दहातल्या नऊ नॅनो तेवढ्याने चालू होतात.

उनो आर४ २०२३ मध्ये आला, ३२ बिटांचा आहे. पण नाव तेच म्हणून आर३ च्या प्रयोगाची वायरिंग जशीच्या तशी उचलू नका. आर४ ची पिन फक्त ८ मिलीअँप देते.

८ बिटावर शिकल्याने एक गोष्ट अंगवळणी पडते, ती म्हणजे आकड्याला जागा किती लागते. उनोवर साधा पूर्णांक १६ बिटांचा, कमाल ३२,७६७. कुणी 'एक मिनिट थांब' म्हणून डिलेमध्ये ६० गुणिले १००० लिहिलं, तर गुणाकार ६०,००० न होता उणे ५,५३६ होतो. डिले तो आकडा बिनचिन्हाचा ३२ बिटी समजतो आणि बोर्ड जवळजवळ ४९.७ दिवस थांबून राहतो. माणूस समजतो की बोर्ड मेला. १००० च्या पुढे यूएल लावलं की प्रश्न मिटतो. हाच प्रोग्रॅम ईएसपी३२ वर बिनबोभाट चालतो, कारण तिथे पूर्णांक ३२ बिटांचा.

भाचीसाठी मायक्रोबिटचं नाव कुणी सुचवेल. चांगला आहे, २५ दिवे, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर सगळं अंगावरच, आणि ठोकळ्यांवरून पायथॉनवर सरकता येतं. पण तुमच्या बजेटचा बराचसा भाग तोच खाईल आणि ब्रेडबोर्डला जोडायला वेगळा जोड घ्यावा लागतो. या दोन कामांसाठी नको.


केरीचं_कुळागर:

दोघांचेही आभार. म्हणजे कंदील ५ व्होल्टच्या बोर्डावर आणि टाकी ईएसपी३२ वर, असं करावं लागेल का? दोन वेगळ्या बोर्डांवर दोन वेगळ्या भाषा शिकायला जमणार नाही. आणि ६० दिव्यांची पट्टी बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर चालते का?


माटोळीवाला:

पट्टी बोर्डाच्या पिनवर चालवू नका, ताई. प्रश्न विचारलात ते बरं केलंत, कारण बोर्ड जळण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. डब्ल्यूएस२८१२बी पट्टीतला (रंग बदलणारी नेहमीची पट्टी, प्रत्येक दिव्यात स्वतःची चिप) एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलीअँपपर्यंत खातो. ६० दिवे म्हणजे ३.६ अँपियर. लॅपटॉपचा साधा यूएसबी पोर्ट अर्ध्या अँपियरचा, आणि बोर्डावरची तांब्याची रेघ आणि डायोडही तेवढ्या प्रवाहासाठी नसतात. पट्टीला ५ व्होल्ट, ३ किंवा ४ अँपियरचा स्वतंत्र अ‍ॅडाप्टर द्या आणि प्रोग्रॅममध्ये उजळपणा २५५ पैकी ६० ते ७० वर ठेवा. कागदाच्या किंवा कापडाच्या कंदिलात त्याहून जास्त उजेड डोळ्यांना खुपतो, रंगही फिके पडतात. एवढ्यावर पट्टी १ अँपियरच्या आसपास राहते.

अ‍ॅडाप्टरचा ऋण आणि बोर्डाचा ग्राउंड एकमेकांना जोडलेच पाहिजेत. हे विसरलं की पट्टी एकतर पेटत नाही किंवा वेड्यासारखी लुकलुकते. पट्टीच्या तोंडाशी ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये १,००० मायक्रोफॅरडचा, १० व्होल्ट किंवा वरचा कपॅसिटर लावा. त्याची पट्ट्याची बाजू ऋणाला. उलटा लागला तर फुटतो. संदेशाच्या वायरमध्ये ३३० ते ४७० ओहमचा रोध, पट्टीच्या जवळ. आणि पट्टीवरचा बाण बघा: संदेश बाणाच्या शेपटाकडून आत जातो. उलट्या टोकाला जोडली की काहीच होत नाही आणि माणूस प्रोग्रॅम तपासत बसतो.

आता ३.३ व्होल्टचा मुद्दा. पट्टी ५ व्होल्टवर असताना 'एक' ओळखायला तिला पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे ३.५ व्होल्ट हवेत. ईएसपी३२ देतो ३.३. टेबलावर बहुतेकदा चालून जातं, आणि कंदील वर टांगल्यावर, वायर लांबली की, पहिला दिवा हिरवा-निळा उड्या मारायला लागतो. म्हणून ७४एचसीटी१२५ किंवा ७४एएचसीटी१२५ ही छोटी चिप मध्ये घाला. ५ व्होल्टवर चालवली तरी ३.३ चा संदेश तिला 'एक' म्हणून कळतो आणि पुढे ती ५ व्होल्टचा देते. तिच्यात चार स्वतंत्र फाटकं असतात, त्यांतल्या वापरलेल्या फाटकाची चालू करायची पिन ग्राउंडला जोडायला विसरू नका, नाहीतर बाहेर काही येत नाही. चार छोट्या मॉस्फेटचा दुतर्फी लेव्हल शिफ्टर मिळतो तो या कामाला नको, ८०० किलोहर्ट्झच्या संदेशाला तो मंद पडू शकतो. एवढी एक चिप लावली की दोन्ही कामं ईएसपी३२ वर, एकाच भाषेत. मायक्रोपायथॉनमध्ये या पट्टीसाठी निओपिक्सेल मॉड्यूल आधीच असतं.

कंदील अंगणात टांगताना अ‍ॅडाप्टर घरात ठेवा, २३० व्होल्ट कंदिलापर्यंत नेऊ नका. बोर्ड मात्र कंदिलाच्या आत, पट्टीपासून वीतभर अंतरावर. घरातून फक्त ५ व्होल्टच्या दोन वायरी जातील, त्या जाड घ्या. ०.५ चौरस मिलिमीटरची ५ मीटर वायर जाऊन-येऊन १० मीटर होते, तिचा रोध ०.३५ ओहमच्या आसपास. १ अँपियरला ०.३५ व्होल्ट वायरीतच जातात, ३ अँपियरला १ व्होल्टच्या वर. मग टोकाचे दिवे पांढऱ्याऐवजी तांबूस दिसतात, कारण निळ्या आणि हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. १ चौरस मिलिमीटरची वायर घेतली की घट निम्मी.


तांब्याची_तार:

माटोळीवाल्यांनी कंदिलाचं पूर्ण सांगितलं. त्यात पिनांची भर घालतो, कारण ईएसपी३२ वर कुठलीही पिन उचलून चालत नाही. ६ ते ११ या पिना फ्लॅशला जोडलेल्या, त्यांना हात लावायचा नाही. ३४ ते ३९ फक्त वाचण्यासाठी, त्यांना आतला पुलअपही (पिन रिकामी असताना तिला ३.३ व्होल्टकडे धरून ठेवणारा रोध) नाही. ०, २, ५, १२, १५ या पिनांची स्थिती चिप सुरू होताना वाचली जाते. यातली १२ सगळ्यात त्रासदायक: सुरू होताना ती वर (३.३ व्होल्टवर) असली तर चिप फ्लॅशला १.८ व्होल्ट देते आणि बोर्ड उठतच नाही. सेन्सर काढला की चालतो, लावला की मरतो, असं झालं तर आधी १२ नंबर बघा. आणि वायफाय चालू असताना एडीसी२ च्या (व्होल्ट मोजणाऱ्या दुसऱ्या विभागाच्या) पिनांवर (४, १३, २५, २६, २७ वगैरे) अ‍ॅनालॉग वाचता येत नाही. ३२ ते ३६ आणि ३९ वापरा. डिजिटलसाठी १८, १९, २१, २२, २३, २५, २६, २७, ३२, ३३ या बिनधास्त. हा परिच्छेद कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवा.


खाजनकाठ:

टाकीबद्दल सांगतो. आधी सेन्सर, मग अंतर.

स्वस्तात मिळणारा एचसी-एसआर०४ हा दोन डोळ्यांचा सेन्सर टाकीत लावू नका. झाकणाखाली वाफ साठते, डोळ्यांत पाणी जातं, एका पावसाळ्यात तो संपतो. जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक, एका डोळ्याचा आणि लांब वायरीचा मिळतो. पण जवळचं त्याला दिसत नाही, साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं. म्हणून टाकी भरल्यावरही पाणी डोळ्याच्या ३० सेंटिमीटर खाली राहील इतक्या उंचीवर बसवायचा, भिंतीपासून दूर. ध्वनी जाऊन परत यायला लागलेले मायक्रोसेकंद भागिले ५८ म्हणजे अंतर सेंटिमीटरमध्ये. एकच वाचन खरं मानू नका. सात घ्या, चढत्या क्रमाने लावा, मधलं उचला. पंप टाकीत पाणी सोडत असताना पृष्ठभाग हलतो आणि सरासरी फसते, मधला आकडा फसत नाही. त्याची एको पिन (ध्वनी परत आल्याचं सांगणारी) ५ व्होल्ट देते, म्हणून १ किलोओहम आणि २ किलोओहमची विभागणी करा: एकोपासून १ के, तिथून ग्राउंडला २ के, मधल्या सांध्यातून ईएसपी३२. तिथे ३.३ व्होल्ट मिळतात.

पण पहिल्या वर्षी मी फ्लोट स्विच लावायला सांगेन. पाणी पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण, असे चार. आत चुंबक आणि रीड स्विच, बिघडायला काही नाही. कुळागराला पाणी सोडायचं की नाही हे ठरवायला सेंटिमीटर लागत नाहीत. प्रत्येक वायरीला ३.३ व्होल्टकडे १० किलोओहमचा पुलअप बाहेरून लावा. आतला पुलअप साधारण ४५ किलोओहमचा असतो, तो लांब वायरीला कमकुवत पडतो. पिनच्या आधी १ किलोओहम मालिकेत आणि पिनपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे लांब वायरीतला विजेचा गोंगाट गाळला जातो.

आता दीडशे मीटर. घराचा राउटर तिथे पोचणार नाही, पोफळीच्या ओल्या पानांतून तर नाहीच. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाणी शोषून घेतं, आणि पावसाळ्यात कुळागर म्हणजे उभं पाणी. ईएसपी३२ वर ईएसपी-नाउ नावाची सोय आहे: दोन बोर्ड राउटरशिवाय थेट एकमेकांशी बोलतात, एका खेपेला २५० बाइटपर्यंत. तुमचा संदेश चार बाइटांचा. घरातला बोर्ड तो घेऊन मोबाइलला दाखवेल. नेहमीच्या बोर्डाऐवजी बाहेरचा अँटेना जोडता येणारं 'यू' शेवटाचं मॉड्यूल असलेले बोर्ड घेतले तर बरंच अंतर वाढतं. दोन्हीकडे ईएसपी३२ असल्याने एस्प्रेसिफचा (ईएसपी३२ बनवणाऱ्या कंपनीचा) लाँग रेंज मोडही वापरता येतो. तरीही असे बोर्ड विकत घेण्याआधी साध्या दोन बोर्डांनी चाचणी करा: एक बोर्ड दर सेकंदाला आकडा पाठवत ओसरीवर ठेवा, दुसरा पॉवर बँकवर घेऊन टाकीकडे चालत जा, आकडे कुठे गळायला लागतात ते बघा. ही चाचणी पाऊस पडून गेल्यावर करा. उन्हाळ्यात जमलं म्हणून जुलैत जमेल असं नाही.

यात एक खोच आहे, ती ठाऊक नसेल तर आठवडा जातो. घरातला बोर्ड राउटरला जोडलेला असतो, म्हणून तो राउटरच्याच चॅनेलवर ऐकतो. टाकीचा बोर्ड त्याच चॅनेलवर बोलला पाहिजे. राउटर 'ऑटो'वर असेल तर वीज जाऊन आली की तो स्वतःच चॅनेल बदलतो आणि टाकी मुकी होते. राउटरमध्ये जाऊन चॅनेल १, ६ किंवा ११ वर कायमचा ठरवा आणि तोच प्रोग्रॅममध्ये लिहा. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल तर ईएसपी३२ ला तो दिसणारच नाही.

एवढं करून जमलं नाही तर लोरा (थोडा डेटा लांबवर नेणारा रेडिओ) मॉड्यूल. तिथे एकच काळजी: भारतात यासाठी परवान्याशिवाय चालते ती फ्रिक्वेन्सीची पट्टी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. ४३३ किंवा ९१५ ची मॉड्यूलं स्वस्त दिसली तरी घेऊ नका. ८६८ लिहिलेलं घ्या आणि प्रोग्रॅममध्ये ८६६ ठेवा. अँटेना न जोडता लोराला वीज देऊ नका, पाठवणारा भाग जळू शकतो.

वीज पंपाच्या पेटीतून घेणार असाल तर वायरमनकडून वेगळा पॉइंट काढून घ्या, ३० मिलीअँपच्या आरसीसीबीमागे (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमागे). स्टार्टरच्या टर्मिनलवर मोबाइलचा चार्जर लावू नका, पंप सुरू-बंद होताना तिथे झटके येतात. पुढे कधी पंप बोर्डाने चालू करायचा मोह होईल. निळ्या रिलेवर १० अँपियर लिहिलेलं असतं. १ अश्वशक्तीची मोटर चालताना ५-६ अँपियरच घेते हे खरं, पण सुरू होताना त्याच्या पाच ते सात पट खेचते आणि रिलेची तोंडं चिकटून बसतात. मग बोर्ड 'बंद' म्हणतो आणि पंप चालूच. रिलेने फक्त काँटॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट रिलेची) कॉइल चालवायची, मोटर काँटॅक्टरने. तेही जाणकार वायरमन सोबत असेल तरच.

पेटी प्लॅस्टिकची, आयपी६५ (धूळ-पाणी आत न येऊ देणारी), वायरी खालून आत, ग्लँडमधून. लोखंडी पेटीत अँटेना गुदमरतो. आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ब्रेडबोर्ड टाकीवर कायमचा लावू नका. आपल्या हवेत त्याच्या आतल्या पट्ट्या दोन पावसांत काळ्या-हिरव्या होतात, मग एक वायर हलवली की चालतं आणि दुसरी हलवली की बंद पडतं. किनाऱ्याजवळ तर एकच पावसाळा पुरे. कायमचं लावायचं ते छिद्रांच्या पाटीवर सोल्डर करून. सोल्डरिंग तोपर्यंत शिकून होईल, २५ वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न पुरतं.


केरीचं_कुळागर:

देव बरें करूं. यादी अशी केली: ईएसपी३२ ३० पिन दोन, ब्रेडबोर्ड दोन, जंपर वायर, रोधांचं पाकीट, ६० दिव्यांची पट्टी, ७४एचसीटी१२५, कपॅसिटर, ५ व्होल्ट ४ अँपियरचा अ‍ॅडाप्टर, मल्टिमीटर. थोडं बजेटबाहेर गेलं, पण टाकीचे फ्लोट दिवाळीनंतर. बोर्ड आले आहेत आणि आता अडलं आहे. थॉनीतून मायक्रोपायथॉन बसवताना 'कनेक्टिंग' आणि पुढे ठिपके येत राहतात, मग चूक दाखवून थांबतं. दुसऱ्या बोर्डावर बसलं, पण वायफाय सुरू केलं की 'ब्राउनआउट' असं काही लिहून तो पुन्हा पुन्हा सुरू होतो.


आठ_बिट:

पहिला बोर्ड: पोर्ट दिसतोय म्हणजे केबल आणि ड्रायव्हर ठीक. (पोर्टच दिसत नसता तर केबल फक्त चार्जिंगची आहे असं म्हटलं असतं. तिच्यात डेटाच्या वायरी नसतात.) ठिपके सुरू झाले की बोर्डावरचं बूट बटण दाबून धरा, काम सुरू झाल्याचं दिसलं की सोडा. काही बोर्डांवर आपोआप त्या स्थितीत जाण्याची वेळ जुळत नाही. कायमचा उपाय म्हणजे ईएन (रीसेटची पिन) आणि ग्राउंडच्या मध्ये १ ते १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

दुसरा बोर्ड: तो बिघडलेला नाही. वायफाय पाठवताना क्षणभर २५० मिलीअँपपर्यंत आणि कधी त्याहून जास्त लागतं. बारीक, लांब केबलमध्ये व्होल्ट पडतात आणि चिप स्वतःला वाचवण्यासाठी पुन्हा सुरू होते. अर्ध्या मीटरची जाड केबल लावा, यूएसबी हब असेल तर काढून थेट लॅपटॉपला जोडा. तरीही झालं तर ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये १०० ते ४७० मायक्रोफॅरड. ब्राउनआउट तपासणी प्रोग्रॅममधून बंद करायचा सल्ला कुठे वाचाल, तो ऐकू नका. सूचना जाते, आजार राहतो, आणि फ्लॅशमधल्या फाइली खराब होण्याची शक्यता वाढते.


केरीचं_कुळागर:

पहिला बूट बटणाने झाला. दुसऱ्याला केबल बदलली, तासभर वायफाय चालू आहे, पुन्हा सुरू झाला नाही. भाचीने तिसऱ्या दिव्यापर्यंत रंग आणले, चौथ्यापासून पट्टी अंधारात आहे.


माटोळीवाला:

प्रोग्रॅममध्ये निओपिक्सेलला दिव्यांची संख्या ३ दिलेली नाही ना, ते आधी बघा. ती ६० असेल तर चौथ्या दिव्याच्या अलीकडचा सांधा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून चौथ्या दिव्याच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या तांब्याच्या ठिपक्यांवर मोजा. तिथे ५ च्या आसपास आले तर तिसऱ्या किंवा चौथ्या दिव्यातली चिप गेली आहे: तिसरा रंग दाखवतो पण संदेश पुढे सोडत नाही, किंवा चौथा घेत नाही. दोन्ही दिवे कापायच्या खुणेवर कापून टाका आणि पट्टी पुन्हा जोडा. तीन बारीक वायरींचं सोल्डरिंग आहे, शिकायला याहून सोपी जागा मिळणार नाही. कापताना अ‍ॅडाप्टर भिंतीतून काढलेला असू द्या.